विश्लेषण : अपघातानंतर हाड जुळते, मग पाऊल का अडते? साक्रीपासून फिजिओथेरपी किती दूर?

महामार्गावर अपघात झाला की पहिल्या काही तासांची धावपळ सगळ्यांना दिसते. १०८ रुग्णवाहिका, धुळ्याचे रुग्णालय, एक्स-रे, शस्त्रक्रिया. त्यानंतरचे सहा महिने मात्र रुग्ण आणि त्याच्या घरच्यांनाच काढावे लागतात. गुडघा किती वाकणार, मान किती वळणार आणि माणूस पुन्हा शेतात उतरणार की नाही, हे बऱ्याचदा या सहा महिन्यांत ठरते. या काळात नेमके काय करायचे असते आणि साक्रीसारख्या तालुक्यातून ते कसे जमू शकते, याचा आढावा.

अपघाताची नोंद कुठे थांबते?

सुरत-धुळे-नागपूर हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ (पूर्वीचा ६) साक्री शहरातून जातो. पश्चिमेला दहिवेल सोडले की कोंडाईबारी घाट सुरू होतो. २१ ऑक्टोबर २०२० रोजी या घाटाच्या परिसरात सुरतकडे निघालेली खासगी बस पुलावरून खाली कोसळली. पाच जणांचा मृत्यू झाला, तीसहून अधिक प्रवासी जखमी झाले. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एवढेच आकडे होते. पुढे त्या जखमींपैकी किती जण पूर्वीसारखे चालू लागले, हे कोणत्याही बातमीत आले नाही.

देशपातळीवरही हेच दिसते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले, १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला आणि ४,४३,३६६ जण जखमी झाले. जखमींची विभागणी ‘गंभीर’ आणि ‘किरकोळ’ अशी होते. त्यांच्या पुढच्या वर्षभराचा रकाना त्या अहवालात नाही.

कारमध्ये बसलेल्याला कोणत्या दुखापती होतात?

धडकेत गाडी क्षणात थांबते, शरीर मात्र आधीच्याच वेगाने पुढे जात राहते. पुढच्या सीटवरील माणसाचा गुडघा डॅशबोर्डवर आदळतो. त्यातून गुडघ्याची वाटी फुटू शकते, आतला मागचा अस्थिबंध म्हणजे लिगामेंट तुटू शकते. तोच धक्का मांडीच्या हाडातून वर जातो. तेव्हा मांडीचे हाड मोडते किंवा खुबा सांध्यातून निसटतो. स्टिअरिंग घट्ट धरलेल्या चालकाच्या मनगटाला मार बसतो. मागून धडक बसली तर डोके झटक्याने मागे-पुढे जाते आणि मानेचे स्नायू व अस्थिबंध ताणले जातात.

मानेची ही दुखापत एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही. त्यामुळे ‘काही झाले नाही’ असे समजून माणूस घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी मान आखडते. पूर्वी अशा रुग्णांना आठवडेच्या आठवडे पट्टा लावून ठेवत. १९९५ मध्ये कॅनडातील क्यूबेकच्या तज्ज्ञगटाने या दुखापतींचा मोठा आढावा घेतला आणि विश्रांती व पट्टा थोड्याच दिवसांपुरता ठेवून मान लवकर हलती करण्यावर भर दिला. अर्थात, मणका मोडलेला नाही याची डॉक्टरांनी खात्री केल्यानंतरच हे लागू होते.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, तरी पाय का वाकत नाही?

समजा, दहिवेलजवळच्या अपघातात चाळिशीतल्या एका शेतकऱ्याचे मांडीचे हाड मोडले. धुळ्यात शस्त्रक्रिया झाली, हाडात रॉड बसला. एक्स-रे सरळ आला. घरच्यांच्या दृष्टीने काम झाले. प्रत्यक्षात अर्धेच काम झालेले असते.

रॉड किंवा प्लेट हे घराच्या बांधकामातील टेकूसारखे असतात. स्लॅब पक्का होईपर्यंत ते आधार देतात. हाड जुळवण्याचे काम शरीरच करते. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळते, दोन-तीन आठवड्यांत तिथे मऊ जोड तयार होतो आणि पुढच्या काही आठवड्यांत तो कडक होत जातो. मनगटाला साधारण सहा आठवडे लागतात. मांडी किंवा नडगीच्या हाडाला तीन-चार महिने किंवा त्याहून अधिक. मधुमेह आणि तंबाखू-विडीचे व्यसन हा काळ लांबवतात.

दरम्यान, आजूबाजूला दुसरीच प्रक्रिया सुरू असते. न वापरलेला स्नायू पहिल्या काही आठवड्यांतच वेगाने बारीक होतो. मांडीचा पुढचा मोठा स्नायू यात सर्वांत आधी सापडतो. सांध्याभोवतीचे आवरण आक्रसते. जखमेच्या जागी तयार झालेले तंतू स्नायू, कातडी आणि हाड यांना एकमेकांशी चिकटवतात. बिजागरीला गंज चढावा तसे गुडघ्याचे होते. हाड जुळण्याची वाट पाहत तीन महिने पाय सरळ ठेवला, तर हाड जुळते, पण गुडघा आखडलेला राहतो. म्हणूनच आता हाड पक्के बसवले असेल तर शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांतच सांधा हलवायला सुरुवात करतात. हाड लवकर स्थिर करण्यामागे सांधा लवकर हलता यावा, हाही एक मोठा हेतू असतो.

गुडघा किती वाकला म्हणजे पुरे?

सपाट जमिनीवर चालायला गुडघा साधारण ६० ते ६५ अंश वाकावा लागतो. जिना चढण्या-उतरण्यासाठी ८५ ते १०० अंश, तर खुर्चीतून सहज उठण्यासाठी ९० अंशांच्या थोडे पुढे. खुर्ची-टेबलावर आयुष्य जाणाऱ्या माणसाचे ११० ते १२० अंशांत भागते.

साक्री तालुक्यातील शेतकऱ्याचे भागत नाही. कांद्याची लागवड, निंदणी, भुईमुगाच्या शेंगा तोडणे ही कामे उकिडवे बसून होतात. जेवायला मांडी घालून बसायचे असते. घरचे शौचालय बहुतेकदा भारतीय पद्धतीचे असते. पूर्ण उकिडवे बसायला गुडघा १३० अंशांच्या पुढे जावा लागतो. त्यामुळे ९० अंशांवर ‘आता चालता येते, बास’ असे म्हणून व्यायाम थांबवला, तर बाजारात जाणे जमते, शेतात बसणे जमत नाही.

म्हणून फिजिओथेरपिस्टला पहिल्याच भेटीत आपले काम सांगणे महत्त्वाचे ठरते. ट्रॅक्टर चालवणारा, शिवणकाम करणारी, दिवसभर उभा राहणारा दुकानदार आणि निंदणीला जाणारी मजूर महिला यांचे लक्ष्य एकच असू शकत नाही. काही दुखापतींत पूर्ण वाकणे परत येत नाही किंवा डॉक्टरच उकिडवे बसायला मनाई करतात. तेही लवकर कळले तर कामाची फेरआखणी वेळेत करता येते.

कोणत्या आठवड्यात काय करायचे?

प्रत्येक दुखापतीचा क्रम वेगळा असतो आणि पायावर किती भार द्यायचा हे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टरच ठरवतात. तरीही पायाच्या मोठ्या हाडाच्या बाबतीत सर्वसाधारण टप्पे असे असतात.

पहिला आठवडा : रुग्ण खाटेवर असतानाच काम सुरू होते. पाऊल वर-खाली हलवत राहणे हा पहिला व्यायाम. पोटरीच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये यासाठी तो उपयोगी पडतो. दीर्घ श्वास घेणे किंवा तीन चेंडूंच्या यंत्रात श्वास ओढणे हा दुसरा. बरगड्यांना मार असेल तर तो अधिकच गरजेचा, कारण दुखते म्हणून उथळ श्वास घेतला की छातीत कफ साठतो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबणे हा तिसरा. यात पाय हलत नाही, पण मांडीचा स्नायू जागा राहतो.

दुसरा ते सहावा आठवडा : टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवणे आणि तितक्याच निष्ठेने तो पूर्ण सरळ करणे. सरळ करण्याकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. गुडघा थोडासा वाकलेलाच राहिला तर माणूस कायम लंगडतो. त्यामुळे आरामासाठी गुडघ्याखाली कायम उशी ठेवण्याची सवय टाळायला सांगतात. वॉकर किंवा कुबड्यांवर चालणे याच काळात सुरू होते. ‘थोडा भार’ म्हणजे किती, हे कळण्यासाठी साधा वजनकाटा कामी येतो : काट्यावर पाय दाबून किती किलोला थांबायचे ते पाहायचे आणि तोच अंदाज चालताना ठेवायचा.

सहावा ते बारावा आठवडा : एक्स-रेत जोड दिसू लागला की डॉक्टर भार वाढवायला सांगतात. वॉकर जाऊन काठी येते. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. अनेक जण ती नेमकी उलट धरतात. पायऱ्यांसाठी सोपा नियम आहे : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

तीन महिन्यांनंतर : आता प्रश्न ताकदीचा आणि तोलाचा असतो. खुर्चीतून हात न टेकता उठणे, एका पायावर उभे राहणे, पायरीवर चढ-उतार, मग खडबडीत जमिनीवर चालणे. ‘चालायला लागला’ म्हणून बहुतेकांचा व्यायाम इथेच सुटतो. शेताच्या बांधावर पाय मुरगळतो तो या सुटलेल्या टप्प्यामुळे.

दुखत असताना व्यायाम करायचा का?

गावाकडे व्यायाम बऱ्याचदा एकाच शब्दावर थांबतो : ‘दुखस’. घरच्यांनाही दया येते आणि ते म्हणतात, राहू द्या आज. आखडलेला सांधा हलवताना थोडे दुखणारच. किती दुखले तर चालेल, यासाठी एक व्यवहारी मोजमाप वापरतात. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे सहन होत नाही, असे धरले तर चार-पाचपर्यंतचे दुखणे आणि ते तास-दोन तासांत शमणे हे ठीक समजले जाते. दुसऱ्या दिवशी सकाळीही सूज आणि दुखणे वाढलेले असेल, तर व्यायाम बंद न करता त्याचे प्रमाण कमी करायचे.

काही लक्षणांत मात्र थांबून लगेच डॉक्टर गाठावे लागतात. एकाच पोटरीला सूज, गरमपणा आणि दुखणे. अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे. जखमेतून पू किंवा ताप. पाऊल बधिर किंवा थंड पडणे. मान-पाठीच्या दुखापतीनंतर हातापायातील ताकद कमी होणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे. यांतील एकही गोष्ट ‘उद्या बघू’ म्हणण्यासारखी नाही.

मालिश आणि हाडवैद्य हा नाजूक मुद्दा आहे, कारण त्यामागे पिढ्यांचा विश्वास आहे. पण ताज्या दुखापतीवर, विशेषतः कोपराभोवती, जोरात रगडल्यास स्नायूतच हाड तयार होण्याचा धोका असतो आणि सांधा कायमचा अडकू शकतो. बांबूच्या पट्ट्या घट्ट आवळल्या तर रक्तपुरवठा तुटून हात-पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. बोटे निळी-काळी पडणे, असह्य कळा येणे ही त्याची चिन्हे आहेत.

‘करंट’ आणि शेक घेतल्याने बरे होते का?

फिजिओथेरपी म्हणजे मशीन लावणे, असा समज सर्वत्र आहे. रुग्ण ‘दहा दिवस करंट घेतला’ असे सांगतात. विजेचा सौम्य प्रवाह, अल्ट्रासाउंड, शेक यांनी काही काळ दुखणे कमी वाटते आणि त्या वेळात व्यायाम सोपा जातो. इतकाच त्यांचा उपयोग आहे. गुडघा वाकतो आणि ताकद येते ती व्यायामाने. तासभर मशीन आणि शून्य व्यायाम असेल, तर पैसे आणि दिवस दोन्ही वाया जातात.

फिजिओथेरपिस्ट होण्यासाठी इंटर्नशिपसह पदवी अभ्यासक्रम असतो. राज्यात यासाठी व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा २००२ चा कायदा आहे. उपचार देणाऱ्याकडे पदवी आणि नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. या शिक्षणाची देशातील सुरुवातही महाराष्ट्रातच झाली. मुंबईत पोलिओच्या साथीनंतर १९५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने केईएम रुग्णालयात देशातील पहिले फिजिओथेरपी विद्यालय सुरू झाले. आज खान्देशातही, जळगावला, फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे.

ऋषभ पंतच्या उदाहरणातून काय घ्यायचे?

३० डिसेंबर २०२२ च्या पहाटे क्रिकेटपटू ऋषभ पंतची कार रुरकीजवळ दुभाजकावर आदळली. उजव्या गुडघ्याचे लिगामेंट फाटले. मनगट, घोटा आणि पायाच्या अंगठ्यालाही मार बसला. त्याला विमानाने मुंबईत आणून कोकिलाबेन रुग्णालयात शस्त्रक्रिया करण्यात आली. पुढे बेंगळूरुच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत त्याचे पुनर्वसन झाले. तो स्पर्धात्मक सामन्यात उतरला २३ मार्च २०२४ रोजी, म्हणजे जवळपास १५ महिन्यांनी. त्याच वर्षी जूनमध्ये तो टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता.

पंतच्या दिमतीला देशातील उत्तम डॉक्टर आणि फिजिओ होते, कमाईची चिंता नव्हती, वय पंचविशीचे होते. तरीही १५ महिने लागले. त्यामुळे दोन महिन्यांत गुडघा पूर्ववत झाला नाही म्हणून ऑपरेशन बिघडले, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. त्याच्याकडे जे होते त्यातील बहुतेक गोष्टी साक्रीत मिळणार नाहीत. पण रोज न चुकता व्यायाम करणे ही त्यातली सर्वांत मोठी गोष्ट आहे आणि तिला यंत्र लागत नाही.

रोज धुळ्याला जाणे शक्य नसेल तर?

साक्री ते धुळे अंतर साधारण ५० ते ५५ किलोमीटर. पिंपळनेर किंवा त्याच्या पश्चिमेकडील पाड्यांवरून निघाले तर त्यात आणखी २५ ते ४० किलोमीटरची भर पडते. कुबड्या घेतलेल्या माणसाने एसटीत चढायचे, सोबत घरच्या एकाने रोजंदारी बुडवायची, हे आठवड्यातून तीनदा तीन महिने जमणारे नाही. मग दोन-तीन फेऱ्यांत उपचार सुटतो.

यावर व्यवहारी मार्ग म्हणजे फेऱ्या कमी, पण ठरलेल्या वेळी. आणि बाकीचे काम घरी. रुग्णालयातून सुटी घेतानाच या गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात : पायावर किती भार द्यायचा, कोणता सांधा किती अंशांपर्यंत वाकवायचा, कोणते व्यायाम, किती वेळा, कोणती हालचाल अजिबात करायची नाही, आणि पुढची तपासणी कधी. व्यायाम करून दाखवताना घरच्या माणसाने मोबाइलवर चित्रीकरण करावे. म्हणजे ‘पाय असा की तसा’ हा प्रश्न गावात गेल्यावर पडत नाही.

त्यानंतरची पहिली भेट टाके काढताना, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, मग सहाव्या आणि बाराव्या आठवड्याच्या एक्स-रेच्या वेळी. त्याच दिवशी फिजिओथेरपिस्टकडे जाऊन पुढचा व्यायामक्रम घेता येतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गुडघा पुढे सरकतच नसेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जावे. सुरुवातीच्या आठवड्यांत जे व्यायामाने सुटते, त्यासाठी सहा महिन्यांनी पुन्हा भूल द्यावी लागू शकते.

घरी प्रगती मोजणेही सोपे आहे. भिंतीला टाचा टेकवून पाय पसरून बसायचे, दुखऱ्या पायाची टाच जमेल तितकी आपल्याकडे ओढायची आणि भिंतीपासूनचे अंतर दर रविवारी टेपने मोजून कॅलेंडरवर लिहायचे. अंतर वाढते आहे म्हणजे गुडघा वाकतो आहे. सलग दोन रविवार आकडा जागचा हलला नाही, तर विचारायला जायची वेळ झाली.

प्रवासात काही सवलती मिळतात. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. त्यामुळे ड्रेसिंग, टाके, साधी तपासणी अशा गोष्टींसाठी आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात चौकशी करावी आणि धुळ्याची फेरी फिजिओथेरपी व तज्ज्ञ तपासणीसाठी राखावी.

खर्च कोण देणार?

केंद्राने ५ मे २०२५ रोजी अधिसूचित केलेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, कमाल दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. जीव वाचवण्यासाठी हे मोलाचे आहे. पण फिजिओथेरपीचा खरा काळ आठव्या दिवसानंतर सुरू होतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत २०२३ च्या निर्णयाने कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्यात आले. त्यात आपल्या रुग्णाचे पुढचे उपचार किती बसतात, हे सुटी घेण्याआधी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून जाणून घ्यावे.

दुसरा मार्ग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा. कायद्यात दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणजे रुग्ण चालायला शिकत असतो त्याच काळात कागद जमवावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात २०१० मध्ये दिलेला निकाल इथे महत्त्वाचा आहे. शरीराचे अपंगत्व किती टक्के, यापेक्षा त्यामुळे त्या माणसाची कमाईची क्षमता किती घटली, हे पाहायला हवे, असे न्यायालयाने म्हटले. हात गमावलेला कारकून नोकरी टिकवू शकतो. चालक किंवा सुताराची कमाई जवळपास पूर्ण बुडू शकते. तोच न्याय न वाकणाऱ्या गुडघ्याला लावून पाहता येईल. कार्यालयात बसणाऱ्यासाठी तो त्रास आहे, निंदणीला जाणारीसाठी रोजगार गेला असा त्याचा अर्थ होतो.

उपचार, औषधे, प्रवास, बुडालेली कमाई आणि भविष्यातील उपचारखर्च हे सगळे भरपाईत मागता येते. म्हणून फिजिओथेरपीची प्रत्येक पावती, एसटीचे तिकीट, कुबड्यांचे बिल आणि प्रत्येक भेटीत गुडघा किती अंश वाकला याची नोंद एका पिशवीत जपून ठेवावी. हाड जुळल्याचा पुरावा एक्स-रे देतो. माणूस कामावर परतला की नाही, हे सांगणारे कागद मात्र घरच्यांनाच सांभाळावे लागतात.